यॉर्कची भुतांची सहल: ग्रुपवरून डिलीट झालेलं, इथे सविस्तर

मंडळी, पोस्ट लांब आहे. आधीच सांगते, म्हणजे "एवढं कोण वाचणार" असं कमेंटमध्ये लिहायचे कष्ट नकोत.

आपल्या लेस्टरच्या ग्रुपची यॉर्कची वीकेंड सहल झाली. शुक्रवारी ३१ ऑक्टोबरला दुपारी कोच निघाली, रविवारी संध्याकाळी परत. ४६ माणसं, त्यात १३ मुलं. रविवारी रात्रीच फीडबॅकचा फॉर्म आला. मी चार ओळी लिहिल्या आणि त्याच ग्रुपवरही टाकल्या. वीस मिनिटांत ॲडमिननी काढल्या. खाली मेसेज: "कृपया निगेटिव्हिटी नको, सगळ्यांनी एन्जॉय केलंय." सोमवारी दुसरा मेसेज: पुढच्या वर्षी हॅलोवीन शनिवारीच येतंय, हीच सहल अजून मोठी करू, दोन घोस्ट वॉक ठेवू, नावं द्या.

म्हणून इथे लिहितेय. ही माझी भिंत आहे, इथून कोणी पुसणार नाही.

आधी चांगलं ते चांगलं म्हणते. व्यवस्था उत्तम होती. ज्या दोघा-तिघांनी कोच, हॉटेल, ४६ जणांच्या खोल्या आणि "मला खालच्या मजल्यावर हवी" हे सगळं सांभाळलं त्यांना खरंच नमस्कार. कोचमध्ये दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणि शंकरपाळे नॉटिंगहॅम यायच्या आत संपले. शनिवारी रात्री फॅन्सी ड्रेसमध्ये एक ताई हिरवी साडी, मोकळे केस आणि उलटे बूट घालून हडळ होऊन आल्या तेव्हा मी पोट धरून हसले. मला भुतांचं वावडं नाही. कोकणात आजोळ असलेल्या बाईला मुंजा आणि चकवा नव्याने शिकवू नका.

शहर तर काय, बघतच राहावं. रोमन लोकांनी इसवी सन ७१ मध्ये वसवलेलं. ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून जाहीर केलं ते याच गावात. मग व्हायकिंग आले, त्यांनी जॉर्विक म्हटलं, त्यांच्या भाषेतला रस्त्यासाठीचा शब्द अजून तिथल्या गल्ल्यांच्या नावात आहे. त्यामुळे यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात आणि वेशीला बार. मिकलगेट बार हे नाव वाचून आमच्या कोचमधल्या दोघांनी भलत्याच अपेक्षा ठेवल्या होत्या. ती वेस निघाली. १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं कागदाचा मुकुट घालून त्याच वेशीवर टांगलं होतं.

आता मुद्द्यावर येते.

शुक्रवारी साडेसहाला घोस्ट वॉक. घड्याळं आदल्याच रविवारी मागे गेलेली, त्यामुळे पाचलाच मिट्ट काळोख. उंच टोपी, काळा कोट, हातात कंदील घेतलेला गाइड. माणूस नट म्हणून फर्स्ट क्लास, आवाज असा की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबावी. मिन्स्टरच्या मागे ट्रेझरर्स हाउसपाशी त्याने रोमन शिपायांची गोष्ट सांगितली. १९५३ मध्ये तळघरात काम करणाऱ्या एका शिकाऊ प्लंबरला भिंतीतून शिपायांची तुकडी जाताना दिसली, पण गुडघ्याखालचे पाय दिसेनात, कारण जुना रोमन रस्ता जमिनीच्या खाली होता. काय झकास गोष्ट आहे! पोरं एकमेकांना चिकटली. मीसुद्धा मुलाचा हात घट्ट धरला. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

मग आम्ही क्लिफर्ड्स टॉवरपाशी आलो. हिरव्या उंच टेकाडावर गोलसर दगडी बुरूज, खालून दिवे सोडलेले. गाइड म्हणाला, इथे एका रात्री दीडशे माणसांनी स्वतःला कोंडून घेतलं आणि एकमेकांना मारून टाकलं. अजूनही किंकाळ्या ऐकू येतात. आणि नीट बघा, या भिंतींमधून अजून रक्त झिरपतं. शोधा, कोणाला दिसतंय का.

आपल्या १३ मुलांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि रक्त शोधायला लागली. एकाने ओरडून सांगितलं, सापडलं! टाळ्या झाल्या. मग टेकाडाच्या पायथ्याशी ग्रुप फोटो: प्लास्टिकच्या कुऱ्हाडी, ओठांना लाल रंग. तो फोटो आपल्या पेजवर आहे, मी हे लिहितेय तोवर ८३ लाइक. त्यात मीही आहे, कडेला. हे लपवत नाही, कारण तेव्हा मला तरी कुठे धड काय माहीत होतं. टेकाडाच्या पायथ्याशी एक फलक आहे, १९७८ मध्ये लावलेला. अंधारात कोणाच्या लक्षात आला नाही. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी जाऊन वाचला. मग हॉटेलवर परत येऊन जे मिळेल ते वाचलं.

काय झालं होतं ते सांगते. गाइडने दोन वाक्यांत उरकलं, मी उरकणार नाही.

सप्टेंबर ११८९. लंडनमध्ये पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक. हा तोच क्रुसेडवाला रिचर्ड, सिंहाच्या काळजाचा वगैरे. यॉर्कमधले दोन प्रतिष्ठित ज्यू, बेनेडिक्ट आणि जॉस, इतरांबरोबर नजराणा घेऊन गेले. दारावरच ज्यूंवर हल्ला झाला. बेनेडिक्टला जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. दुसऱ्या दिवशी त्याने राजासमोर सांगितलं की मी ज्यूच आहे. घरी परतताना वाटेतच तो वारला. त्या हिवाळ्यात आणि वसंतात दंगल गावोगाव पसरली, लिन, स्टॅमफर्ड, लिंकन. मार्च ११९० मध्ये यॉर्कची पाळी आली. जमावाने बेनेडिक्टचं घर फोडलं, त्याची विधवा बायको आणि मुलं मारली, घर लुटून जाळलं. जॉस आणि उरलेले ज्यू राजाच्या किल्ल्यात आसऱ्याला गेले. ज्यू हे कायद्याने राजाच्या संरक्षणाखाली होते, म्हणून किल्ला. किल्लेदार बाहेर गेला तेव्हा भेदरलेल्या लोकांनी त्याला परत आत घेतलं नाही. त्यावरून शेरीफने फौज बोलावली. म्हणजे ज्यांनी वाचवायचं तेच वेढा घालून बसले.

१६ मार्च, शुक्रवारची रात्र. ज्यूंचा वल्हांडण सण तोंडावर. फ्रान्समधून आलेले एक विद्वान रब्बाय, योम तोव्ह, आत होते. जमावाच्या हातून मरण्यापेक्षा किंवा धर्म सोडण्यापेक्षा आपण आपल्या हाताने जाऊ, असं त्यांनी सुचवलं. बापांनी बायकामुलांना मारलं, मग स्वतःला. लाकडी बुरुजाला आग लागली. जे थोडे उरले, त्यांना सकाळी सांगण्यात आलं, बाप्तिस्मा घ्या, सोडून देऊ. ते बाहेर आले. त्यांना तिथेच कापून काढलं.

आणि मग जमाव कुठे गेला? मिन्स्टरमध्ये. ज्या कॅथीड्रलसमोर आपण शनिवारी तासभर फोटो काढले, तिथे. कारण कर्जाचे कागद तिथे ठेवलेले होते. ते बाहेर काढून तिथेच जाळले.

आता कळलं का किंकाळ्या कशाच्या होत्या? जमावाचा एक म्होरक्या रिचर्ड मॅलेबिस नावाचा जमीनदार होता, ज्यूंचा कर्जदार. धर्माचा जोश खरा होता, नाही कोण म्हणतंय. पण जोश ओसरल्यावर डोकं ताळ्यावर ठेवून कागद जाळायला गेलेली माणसं मला त्या लाकडी बुरुजातल्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त भीतीदायक वाटतात. पुढे राजाच्या प्रधानाने शहराला दंड केला, शेरीफला काढलं. फासावर एकही माणूस गेला नाही. मॅलेबिसला त्याच्या जमिनी परत मिळाल्या, त्याने एक मठ बांधला, पुढच्या राजाच्या चाकरीत राहिला. यॉर्कजवळ त्याच्या घराण्याचं नाव लावणारं गाव आजही आहे, अकॅस्टर मॅल्बिस. आणि सरकारने धडा काय घेतला? ११९४ पासून ज्यूंच्या कर्जाच्या कागदांच्या दोन प्रती करून सरकारी पेट्यांत ठेवायची पद्धत आली. माणसं जळाली, आणि पुढच्या वेळी कागद जळू नयेत याची सोय झाली. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने सगळ्याच ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं.

बरं, ते रक्त. ज्या दगडी भिंतींवर आपली मुलं टॉर्च मारत होती, त्या भिंती ११९० मध्ये नव्हत्याच. जळाला तो लाकडी बुरूज. दगडी बुरूज बांधला तेराव्या शतकाच्या मध्यावर, पन्नासेक वर्षांनी. गोष्ट विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की भुताच्या गोष्टीत मेलेला माणूस असतो, मारणारा नसतो. बघा आठवून. सगळ्या गोष्टी तशाच आहेत. "एका रात्री दीडशे माणसं मेली." कोणी मारली? का? त्यांच्या मरणाने कोणाचं कर्ज फिटलं? हे विचारलं की गोष्टीतली मजा जाते, म्हणून ते गाळायचं. वर ज्याला मारलं त्यालाच भयंकर करायचं. तो किंचाळतो, तो भिंतीतून झिरपतो, त्याला आपण घाबरायचं. मारणारा मात्र सुटला, तेव्हाही आणि आत्ताही.

तसंच मार्गारेट क्लिथरोचं. शॅम्बल्सच्या अरुंद गल्लीत आपण हॅरी पॉटरच्या दुकानांसमोर रांगा लावल्या. त्या पुस्तकांचा या गल्लीशी संबंध लेखिकेने स्वतःच नाकारलाय, असो. ही गल्ली खाटकांची. मार्गारेट खाटकाची बायको. कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवलं म्हणून १५८६ मध्ये तिला पकडलं. खटला चालला तर स्वतःच्या पोरांना साक्षीला उभं करतील, म्हणून तिने गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही. त्याची शिक्षा ठरलेली होती. औस नदीच्या पुलावर तिला जमिनीवर झोपवलं, पाठीखाली टोकदार दगड, अंगावर दार, दारावर वजनं. ती गरोदर होती असं सांगतात. २५ मार्चला ती गेली. १९७० मध्ये रोमने तिला संत म्हणून घोषित केलं. शॅम्बल्समध्ये तिच्या नावाची छोटीशी प्रार्थनेची खोली आहे, दार उघडं असतं, आत जायला पैसे लागत नाहीत. आपल्या ४६ जणांपैकी किती गेले? मी मोजले, तीन. वॉकवर मात्र सगळ्यांनी ऐकलं की इथे एक "चिरडलेली बाई" फिरते.

उलट डिक टर्पिन बघा. दरोडेखोर. त्याची टोळी म्हाताऱ्या माणसांना छळून पैशाचा ठावठिकाणा काढायची. खूनही केलेला. १७३९ मध्ये घोडेचोरीसाठी यॉर्कच्या नेव्ह्समायरवर फाशी. एका रात्रीत लंडनहून यॉर्कला घोडी दौडवल्याची जी कथा आहे ती १८३४ च्या एका कादंबरीमुळे लोकांच्या डोक्यात बसलेली, त्याने ती दौड मारलेलीच नाही. आणि हा गाइडच्या तोंडी काय होता? "आपला डिक." रुबाबदार, विनोदी, पोरांनी टाळ्या वाजवाव्यात असा. छळणारा हिरो, छळलेले नुसते आवाज.

२००२ मध्ये भुतांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने यॉर्कमध्ये ५०४ भुतं आहेत असं जाहीर केलं. कोणी मोजली, खानेसुमारीला कोण गेलं होतं, देव जाणे. मोजायचंच असेल तर याच गावात सीबोम राउंट्री नावाच्या माणसाने १८९९ मध्ये घरोघर फिरून ११,५६० कुटुंबांची पाहणी करवली होती. चॉकलेटवाल्या राउंट्रींचाच मुलगा. शहरातली २७.८४ टक्के माणसं गरिबीत जगतात असं निघालं. त्याचं पुस्तक गरिबीच्या अभ्यासात आजही नावाजतात. पण भुकेने गेलेल्या मुलांचा वॉक कोण काढणार, आणि तिकीट कोण घेणार.

आता ग्रुपवरच्या आणि खासगीत आलेल्या उत्तरांकडे वळते.

"अगं, आठशे वर्षं झाली." बरोबर. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आपल्याला किती जवळचं वाटतं हे मात्र विसरू नका. यंदा फेब्रुवारीत 'छावा' लागला तेव्हा आपण अख्खी रांग बुक केली होती. शेवटच्या अर्ध्या तासात थिएटरात हुंदके होते, माझाही होता. गेल्या वर्षी वाघनखं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला गेली तेव्हा ग्रुपवर तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. आता डोळ्यांसमोर आणा. तुळापूरला रात्री कंदील घेऊन कोणी तिकिटं लावून वॉक काढलाय. महाराजांना कोणी मारलं, का मारलं, काही सांगत नाही. नुसतं म्हणतो, इथे रात्री किंकाळ्या येतात, दगडांवर रक्त शोधा. पोरं टॉर्च मारतायत, कोणी खोट्या कुऱ्हाडी घेऊन फोटो काढतंय. तुम्ही काय कराल? लाइक द्याल?

"आपला काय संबंध, ते ज्यू आणि हे इंग्रज." हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी कोचमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या आमच्या अलिबागच्या काकांशी बोलायला हवं होतं. शनिवारी सकाळी नाश्त्याला मी त्यांना फलकाचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगो, म्हणजे आमच्या शनिवार तेल्यांचे भाऊबंद की." त्यांच्या लहानपणी शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून शनिवार तेली. घरात मराठी, देवघरात हिब्रू. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्या 'जुन्या मशिदी'वरूनच पडलं असं सांगतात. पुढे बरेच इस्रायलला गेले, तिथेही मराठीत 'मायबोली' काढत राहिले. ज्या समाजाला आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं कोणी बोट लावलं नाही, याचा आपण इथल्या प्रत्येक सर्वधर्म कार्यक्रमात अभिमानाने उल्लेख करतो. मग तो अभिमान यॉर्कच्या टेकाडाखाली कुठे गेला होता?

आणि लेस्टरकरांनो, संबंध आणखी जवळ आहे. १२३१ मध्ये आपल्या गावातून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम ज्याने काढला तो सायमन द माँटफर्ट. त्याच्या नावाची युनिव्हर्सिटी आपली, क्लॉक टॉवरवरच्या चार पुतळ्यांत तो एक. आपण त्याच्याखाली उभे राहून "किती वाजले, बस आली का" करतो.

"सावकारच होते ना ते? आपल्याकडेही शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या." हे खासगीत आलं, आणि लिहिणारा माणूस शिकलेला आहे, म्हणून जरा थांबते. हो, जाळल्या. १२ मे १८७५, सुपे. तिथून पुण्या-नगरकडच्या कितीतरी गावांत. पण दख्खनच्या दंग्यांत कर्जबाजारी कुणबी होते, जमीन जाण्याच्या बेतात असलेले, आणि त्यांना कागद हवे होते. सावकाराने खत दिलं की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, हे इंग्रजांच्या चौकशी आयोगानेही नोंदवलंय. यॉर्कला पुढारी होते ते सरदार-जमीनदार, आणि आधी माणसं, मग कागद. शिवाय तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ज्यूंना बहुतेक धंदे बंद, जमीन धरून राहणं अवघड, व्याजाचा धंदा ख्रिश्चनांना निषिद्ध. म्हणून तो यांच्या गळ्यात, आणि राजा त्यावर भरमसाट कर उकळणार. सगळेच ज्यू सावकार होते असंही नाही. आणि असते, तरी त्या बुरुजातल्या लेकरांनी कोणाला व्याजाने पैसे दिले होते?

"मुलांना असलं काय सांगायचं, घाबरतील." हे वाचून मला हसू आलं. आपण त्यांना घाबरवायलाच नेलं होतं ना? तिकिटावर तसंच लिहिलं होतं. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शनिवारी मी त्याला त्याला झेपेल इतकं सांगितलं. तो घाबरला नाही. त्याने विचारलं, "मग पोलिसांनी त्यांनाच का घेरलं?" मला धड उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न बरोबर होता. आदल्या रात्री रक्त शोधताना त्याला एकही प्रश्न पडला नव्हता.

"यॉर्कवालेच धंदा करतात, मग आपण काय सोवळं पाळायचं?" सगळे यॉर्कवाले तसं करत नाहीत. गाय फॉक्स यॉर्कचा. १५७० मध्ये मिन्स्टरला खेटून असलेल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. ५ नोव्हेंबरला सगळ्या इंग्लंडमध्ये त्याचा पुतळा जाळतात, पण तो जिथे शिकला त्या सेंट पीटर्स शाळेत जाळत नाहीत. आपल्या माजी विद्यार्थ्याला कसं जाळायचं, एवढंच कारण. पार्लमेंट उडवायला निघालेल्या माणसाबद्दल ही शाळा एवढी मर्यादा पाळते. क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकाडावर तर सहा पाकळ्यांचे डॅफोडिल लावलेत, दाऊदच्या ताऱ्याची आठवण म्हणून. ते मार्चमध्ये, त्या तारखेच्या सुमारास फुलतात. ऑक्टोबरात तिथे नुसतं गवत असतं, आणि आपण नेमके ऑक्टोबरात जातो.

आणखी एक गोष्ट, लेस्टरकर म्हणून ही मला जास्त लागली. यॉर्कमध्ये जूबरी नावाची जागा आहे. मध्ययुगातल्या ज्यूंची दफनभूमी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुपरमार्केट आणि कार पार्क होणार म्हणून उत्खनन झालं, जवळजवळ ५०० सांगाडे निघाले. १९८४ मध्ये त्यांना जवळच पुन्हा पुरलं. आता तिथे गाड्या लागतात. आपल्या गावात २०१२ मध्ये कार पार्कखाली एक सांगाडा निघाला, तिसरा रिचर्ड. त्याच्यासाठी यॉर्क आणि लेस्टर कोर्टापर्यंत भांडले. २०१५ मध्ये त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा आपल्यातले किती जण सकाळपासून फूटपाथवर उभे होते, मला आठवतंय. एका सांगाड्याला राजाचा मान, ५०० सांगाड्यांवर पार्किंग. आणि शनिवारी दुपारी आपल्यातल्या काहींनी "सुपरमार्केटमधून पटकन दूध आणि केक आणतो" म्हणून त्याच बाजूला चक्कर मारली. दोष त्यांचा नाही, कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आयोजकांचं होतं.

हॅलोवीनबद्दलही दोन शब्द. ३१ ऑक्टोबरची रात्र, १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतांचा. जुन्या इंग्लंडमध्ये गरीब लोक दारोदार जायचे, सोल-केक नावाची गोड भाकरीवजा गोष्ट मिळायची, बदल्यात ते त्या घरच्या गेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे. आपल्याला हे समजायला काही जड नाही. सर्वपित्रीला आपण ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्याही नावाने घास ठेवतो. त्या घासापुढे कोणी प्लास्टिकची कुऱ्हाड घेऊन सेल्फी काढत नाही.

आता माझी मागणी, जी फॉर्मवर चार ओळींत लिहिली होती आणि पुसली गेली. सहल बंद करा असं मी म्हणत नाही. घोस्ट वॉकही ठेवा, रोमन शिपायांची गोष्ट मी पुन्हा ऐकेन. पण क्लिफर्ड्स टॉवरला दिवसा न्या. फलक मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मार्गारेटच्या खोलीत दहा मिनिटं शांत बसवा. वॉकवाल्यांना आधीच सांगा की त्या टेकाडाखाली थांबायचं नाही, ४६ तिकिटं घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं ते ऐकतील. आणि तो फोटो पेजवरून काढा. मी आयोजकांना दोनदा मेसेज केलाय, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.

ज्यांना वाटतंय की मी सहलीचा बट्ट्याबोळ केला, त्यांनी खाली लिहावं. मी एकही कमेंट डिलीट करणार नाही. फक्त "मूड" हा शब्द न वापरता लिहा.

पुढच्या ऑक्टोबरच्या यादीत माझं नाव सध्या घालू नका. त्याआधी मार्चमध्ये मी पुन्हा जातेय. १४ मार्च, शनिवार, सकाळी सातला निघून रात्री परत. अलिबागचे काका येतायत, माझा मुलगा येतोय. गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत. डबा ज्याचा त्याने आणायचा. गाडी शहराबाहेर पार्क अँड राइडला लावू. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.